रबर नखानं निघते काय? सॉफ्ट ग्रिपवाला पार्ट डिझाईन करताना कुठून सुरुवात करायची

काटोलच्या एका दुकानदाराला संत्र्याच्या बागेसाठी सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, पाहिजे होता, लोखंडी पातं त्याचं, हँडल आपलं. झाडाची सल, म्हणजे वाळलेल्या काड्या, काढायची म्हणजे माणूस दिवसभर सिकेटर दाबत राहते, तळहाताला फोड येतात, म्हणून हँडलवर मऊ रबर पाहिजे एवढीच त्याची डिमांड. मी हँडल नायलॉनमध्ये केलं, वरून सॉफ्ट ग्रिप चढवली, दिसायला एक नंबर. सॅम्पल घेऊन गेलो तर त्यानं बोलता बोलता रबरच्या कडेला अंगठ्याचं नख घातलं आणि ओढलं, आणि संत्र्याची साल निघते तशी ती पूर्ण ग्रिप एका पट्टीत निघून आली, खालचं नायलॉन चकाचक, एक कण चिकटलेला नाही. तो काहीच बोलला नाही. ती पट्टी माझ्या हातात दिली आणि पोराला चहा सांगितला.

नागपूरला परत येताना काटोल नाका येईपर्यंत डोक्यात तेच. दुसऱ्या दिवशी हिंगण्याला टूलरूममध्ये गेलो, तिथले दादा तीस वर्षांपासून डायचं, म्हणजे प्लास्टिक ओतायच्या लोखंडी साच्याचं, फिटिंग करून राहिले, त्यांनी ड्रॉईंग पाहून एकच विचारलं, "भाऊ, रबर कुठं थांबते थे दाखवा मले." मी ड्रॉईंगवर बोट फिरवलं, इथून इथपर्यंत. "थे त रंग झाला," म्हणे, "रबर थांबाले भिंत लागते."

आता कोणी विचारलं की ओव्हरमोल्डचा, म्हणजे कडक प्लास्टिकवर रबर चढवलेला, पार्ट कसा डिझाईन करायचा तर मी तिथूनच सुरू करतो. रबर कोणत्या प्लास्टिकवर बसणार आणि कुठं संपणार, या दोन गोष्टी ठरल्या की बाकीचं हँडल त्याच्या भोवती काढायचं. आपण उलटं करतो, आधी मस्त हँडल काढतो, मग एक एरिया सिलेक्ट करून म्हणतो इथं दोन मिमी रबर.

जोडीचं पहिले सांगतो, कारण माझी निम्मी फजिती तिथंच झाली. आपण ज्याला रबर म्हणून राहिलो ते टायरसारखं शिजवलेलं रबर नाही, ते टीपीई, म्हणजे प्लास्टिकसारखंच वितळणारा दाणा, त्याच मशीनवर चालतो. त्यात सगळ्यात जास्त चालते ती एसईबीएसवाली फॅमिली. तिचा साधा ग्रेड पीपीला, म्हणजे पॉलिप्रॉपिलीनला, मस्त पकडतो कारण दोघांचं रसायन एका जातीचं. पण तोच ग्रेड एबीएसवर किंवा नायलॉनवर टाकला तर फक्त बसल्यासारखा दिसतो, पकडत नाही. एबीएस आणि पीसी (पॉलिकार्बोनेट) या कडक प्लास्टिकसाठी वेगळा ग्रेड येतो, नायलॉनसाठी त्याहून वेगळा. टीपीयू म्हणजे पॉलियुरेथेनचा मऊ दाणा, त्याचं एबीएस, पीसी, पीसी-एबीएस ब्लेंड यांच्याशी चांगलं जमतं, घासायलाही ते जास्त टिकतं, पण हाताला थोडं कडक आणि ओलाव्याच्या बाबतीत फार नखरेल. पीओएमच्या म्हणजे ॲसिटलच्या नादी लागू नका, त्याच्यावर सहसा काही चिकटत नाही, तिथं रबर अडकवावंच लागतं. मी सप्लायरला फोनवर नुसतं "सॉफ्ट ग्रिपचा काळा दाणा, साठ शोअर" एवढं सांगितलं होतं (शोअर म्हणजे कडकपणाचं माप, आकडा कमी तेवढं मऊ), त्यानं पीपीवाला पाठवून दिला, त्याची काय चूक. म्हणून ऑर्डर देताना खालचं प्लास्टिक कोणतं, त्यात ग्लास म्हणजे काचेचे तंतू किती, उष्णता सोसायला घातलेलं हीट स्टॅबिलायझर आहे का, सगळं सांगा. नायलॉनमध्ये ग्लास ३० टक्क्यांच्या वर गेलं की पृष्ठभागावर काचच जास्त येते आणि पकड आणखी कमी होते.

आणि सिकेटर संत्र्यासाठी आहे हेही तिथंच बोलायला पाहिजे होतं. संत्र्याच्या सालीतलं तेल म्हणजे मुख्यतः लिमोनीन, ते एक प्रकारचं सॉल्व्हंटच आहे, थर्माकोल त्यात विरघळतो. एसईबीएसला तेल-ग्रीसचं वावडं असतं, सतत लागलं की फुगते आणि लिबलिबीत होते. छाटणीपुरतं चालून जाईल, पण त्याच सिकेटरनं तोडाई करायची असेल आणि हात दिवसभर तेलकट राहणार असतील तर आधीच तपासून घ्या. उन्हाचंही तसंच, स्वस्तातला एसबीएसवाला दाणा उन्हात लवकर तडकतो, बागेतल्या वस्तूला एसईबीएसच बरा.

आता भिंत. रबर पातळ पातळ होत खालच्या प्लास्टिकवर शून्य जाडीत संपवलं, स्क्रीनवर ते फार सुंदर दिसतं, तर डायमध्ये काय होतं सांगतो. ती पातळ कड पापडासारखी असते, गरम माल तिथं पोचेपर्यंतच थंड होतो, आणि रबर चिकटायला खालच्या प्लास्टिकची वरची कातडी गरम व्हावी लागते, ती तिथं होतच नाही. म्हणजे जिथं माणसाचं नख बसणार नेमकी तिथंच सगळ्यात कमजोर पकड. म्हणून खालच्या पार्टमध्ये पायरी घ्या, सरळ काटकोनातली, निदान १ मिमी खोल, आणि रबर त्या पायरीच्या भिंतीला टेकून पूर्ण जाडीनं थांबू द्या. रबरचा माथा बाजूच्या प्लास्टिकपेक्षा ०.१ ते ०.२ मिमी खालीच ठेवा, वर नको. वर राहिला की घासताना पहिला तोच उचकतो.

भिंतीच्या बाहेर, प्लास्टिकवर दीड-दोन मिमीचा एक सपाट पट्टा सोडा, पूर्ण कडेनं. यात डाय दोन असतात, पहिलीत प्लास्टिकचा पार्ट होतो, दुसरीत त्याच्यावर रबर येतं. दुसऱ्या डायचं स्टील त्या पट्ट्यावर दाबून बसतं आणि रबरचा रस्ता बंद करतं, याला शटऑफ म्हणतात. टीपीई फार पातळ वाहते, ०.०२-०.०३ मिमीची फट भेटली की बाहेर आलीच समजा, म्हणजे केसाच्या निम्म्याहूनही कमी. म्हणून स्टील नुसतं टेकवून जमत नाही, प्लास्टिकमध्ये ०.०५ मिमीच्या आसपास दाबूनच बसवायचं. पीपीसारख्या मऊ मालाला थोडं जास्त चालतं, ग्लासवालं नायलॉन कडक असतं, तिथं जास्त दाबलं तर कडा पांढऱ्या पडतात नाहीतर डाय नीट बंदच होत नाही.

हा पट्टा डाय उघडायच्या दिशेला समांतर असलेल्या उभ्या भिंतीवर येऊ देऊ नका. तिथं स्टील दाबत नाही, घासत जातं, हजार-दोन हजार शॉटनंतर, म्हणजे तेवढ्या वेळा डाय भरल्यावर, फट पडते आणि मग ऑपरेटर ब्लेड घेऊन फ्लॅश, म्हणजे फटीतून बाहेर आलेला पातळ माल, कापत बसतो. उभ्या भिंतीवर आणायचाच असेल तर निदान ५ अंशाचा उतार द्या. पट्ट्याखाली मागून रिब नको, कारण रिबच्या समोर सिंक, म्हणजे आकसून झालेला खळगा, पडतो आणि सिंक म्हणजे तयार फट. पहिल्या पार्टची पार्टिंग लाईन (डायचे दोन भाग मिळतात ती रेघ), गेटचा म्हणजे माल आत यायच्या तोंडाचा डाग, पार्ट ढकलून काढणाऱ्या इजेक्टर पिनेचा गोल, यापैकी काहीही पट्ट्यावर येऊ नये. माझ्या पहिल्या हँडलमध्ये पार्टिंग लाईन बरोबर रबरच्या कडेवरून दोनदा आडवी जात होती आणि दोन्ही ठिकाणी मिशीसारखा फ्लॅश यायचा. त्याचा मी दोन आठवडे मशीनच्या प्रेशरवर राग काढला.

कॅडमधला पार्ट आणि हातातला पार्ट वेगळे असतात हे सगळ्यांना माहीत असतं, पण दुसरी डाय काढताना सगळे विसरतात. साधा हिशेब पाहा. १५० मिमीचं पीपीचं हँडल, श्रिंकेज, म्हणजे थंड होताना आकसणं, दीड ते दोन टक्के, म्हणजे कॅव्हिटीपेक्षा (डायमधल्या पोकळीपेक्षा) सव्वादोन ते तीन मिमी लहान. तेवढं आपण कॅव्हिटीत धरतो, ठीक आहे, पण प्रेशर-टेम्परेचर हललं आणि श्रिंकेज नुसतं ०.२ टक्क्यानं इकडचं तिकडं झालं तरी लांबीत ०.३ मिमी फरक, आणि रबरला पुरते ०.०३. दहापट! म्हणून दोन्ही डाय एकदम पूर्ण करायच्या घाईत पडू नका. पहिली डाय करा, चालवा, सेटिंग फिक्स करा, पार्ट एक दिवस ठेवून मग वीस-तीस पार्ट मोजा, आणि त्या खऱ्या पार्टवरून दुसऱ्या डायचा शटऑफ फिनिश करा. आमचे दादा पार्टला निळा रंग लावून डायमध्ये दाबतात आणि कुठं लागलं कुठं नाही ते पाहून स्टील उतरवतात, जुनी पद्धत आहे पण आंधळेपणानं कॅडवर भरवसा ठेवण्यापेक्षा शंभरपट बरी. नागपुरात अजून एक भानगड, मे महिन्यात टाकीतलं पाणी अंघोळीला सोसत नाही इतकं तापते आणि डिसेंबरात बर्फ. त्याच पाण्यावर डाय थंड करत असाल तर उन्हाळ्यातला पार्ट आणि हिवाळ्यातला पार्ट एका मापाचा येणारच नाही, आणि दोष मात्र दुसऱ्या डायवर येईल. पहिल्या शॉटला, म्हणजे प्लास्टिकच्या डायला तरी, चिलर किंवा टेम्परेचर कंट्रोलर लावा.

जाडीवर लोक फार घोळ घालतात. रबर दीड ते तीन मिमीच्या मध्ये ठेवा. एकच्या खाली गेलात तर पकडही कमी आणि मऊपणाही जातो, कारण बोट खालच्या कडक प्लास्टिकला लगेच लागतं. ४० शोअरचं एक मिमी रबर हाताला ५५ शोअरच्या अडीच मिमीपेक्षा कडक लागू शकतं, म्हणून मऊ पाहिजे असेल तर शोअर उतरवायच्या आधी जाडी वाढवून पाहा. तीनच्या वर नेलं की सायकल टाईम, म्हणजे एका पार्टला लागणारा वेळ, वाढतो, सिंक येतो, आणि रबर आकसताना खालच्या पार्टला ओढून केळ्यासारखा वाकवतं. रबर खालच्या प्लास्टिकपेक्षा जाड नको, आणि प्लास्टिकला फक्त एकाच बाजूनं लांबच लांब रबर असेल तर खाली रिब द्या, म्हणजे तो ताण पेलेल. वाहायच्या लांबीचाही हिशेब करा, जाडीच्या १५० पटीच्या वर जाऊ नका, आणि पकड चांगली पाहिजे असेल तर ८० पटीच्या आत राहा, म्हणजे दोन मिमी जाडीला १६० मिमी. बोटांसाठी खाचा, आडव्या रेघा वगैरे द्या पण खाचेच्या तळाशीही एक मिमी उरलं पाहिजे.

रसायनानं कितीही पकडलं तरी सोबत अडकवायची सोय करून ठेवा. खालच्या प्लास्टिकमध्ये अडीच-तीन मिमीचे आरपार भोक, पलीकडून थोडी रुंद खाच, रबर त्यातून जाऊन रिव्हेटसारखं बसतं. हँडलच्या शेपटाकडून रबर गुंडाळून आत वळवलं तर तिथं नख घालायला कडच उरत नाही. वरून पाहताना रबरच्या एरियाचे कोपरे टोकदार ठेवू नका, गोल करा, सोलायला सुरुवात कोपऱ्यातूनच होते.

खालच्या पार्टला मागून आधार पाहिजे, हे ड्रॉईंगवर दिसत नाही म्हणून सांगतो. दुसऱ्या शॉटला रबर शेकडो बारच्या प्रेशरनं येतं, आणि खाली दोन मिमीचं प्लास्टिक पोकळीवर अधांतरी असेल तर ते आत दबतं. रबर एका जागी जाड, दुसऱ्या जागी प्लास्टिकला चीर. जिथं रबर तिथं मागून स्टील, असं पाहत जा. पार्ट डायमध्ये एकाच पद्धतीनं बसला पाहिजे, उलटा बसूच नये, नाहीतर नाईट शिफ्टला कोणीतरी उलटा बसवून डाय दाबतोच.

गेट रबरच्या जाड भागात घ्या, आणि कडेपासून लांब, नाहीतर गरम माल सरळ शटऑफवर आदळून आत घुसायला पाहतो. व्हेंट, म्हणजे हवा निघायच्या फटी, ०.०१ ते ०.०२५ मिमीच, याहून खोल केले की तिथूनही फ्लॅश. पण व्हेंटच नाही दिले तर शेवटी भरणाऱ्या जागी हवा अडकून तेवढा भाग चिकटतच नाही, बाहेरून मात्र चांगला दिसतो. इजेक्टर पिना शक्यतो कडक प्लास्टिकवर, रबरवर पिन मारली तर ती रबरात घुसते आणि पार्ट जागेवरच. आणि रबरच्या कॅव्हिटीला आरसा पॉलिश करू नका हो, मऊ माल चकचकीत स्टीलला काचेला चिकटल्यासारखा बसतो. स्पार्कचा किंवा ब्लास्टिंगचा मॅट टेक्स्चर ठेवा आणि ड्राफ्ट, म्हणजे पार्ट सुटायला भिंतीचा उतार, दोन-तीन अंश द्या.

मशीनबद्दल थोडक्यात. नग कमी असतील तर साध्या मशीनवर दोन डाय, पहिला पार्ट काढायचा आणि हातानं दुसऱ्या डायमध्ये बसवायचा. नग लाखांत गेले की टू-शॉट मशीन, तिथं पार्ट गरम असतानाच वर रबर येतं, हात लागत नाही, म्हणून पकडही चांगली येते. पण डाय महाग आणि मशीन शोधत फिरावं लागतं. बहुतेकांचं काम हातानं बसवण्यावरच चालून जातं, फक्त मधला वेळ सांभाळा. पहिला पार्ट डब्यात चार दिवस पडून राहिला, त्यावर धूळ, हाताचा घाम, तेल लागलं की संपलं. हातमोजे द्या. आणि पहिली डाय चालवताना सिलिकॉन स्प्रे बंद म्हणजे बंद. माझ्या हँडलला ड्राफ्ट कमी होता, पार्ट अडकत होता, म्हणून ऑपरेटर दर दहा शॉटला गुपचूप स्प्रे मारत होता, मला ते फार उशिरा समजलं. त्याला बोलून काय फायदा, ड्राफ्ट मीच खाल्ला होता.

जुलै-ऑगस्टमध्ये नायलॉनची वेगळीच कटकट. नायलॉन हवेतला ओलावा पितो, आणि नुसता दाणाच नाही, मोल्ड झालेला पार्टसुद्धा. असा ओला पार्ट दुसऱ्या डायमध्ये घातला की गरम रबर लागताच वाफ होते, रबरखाली बुडबुडे येतात, पकड जाते. पावसाळ्यात पहिला शॉट आणि दुसरा शॉट एकाच शिफ्टमध्ये घ्या, जमत नसेल तर पार्ट सीलबंद पिशवीत ठेवा, आणि घालायच्या आधी ओव्हनमध्ये गरम करून घेतला तर पकडीला उलट मदतच होते. टीपीयूचा दाणाही ८० ते १०० अंशावर तीन-चार तास वाळवल्याशिवाय हॉपरमध्ये टाकू नका. पोतं उघडं ठेवून तर्री पोहे खायला गेलात तरी तो भिजून राहिला समजा.

डायचा खर्च करायच्या आधी पकड तपासता येते. सप्लायरला म्हणा, आमच्या प्लास्टिकच्या सपाट पट्ट्या देतो, त्यावर तुमचा ग्रेड मोल्ड करून द्या, चांगला सप्लायर देतो. थ्रीडी प्रिंट करून आकार समजतो, हातात कसं बसते ते समजतं, पकड अजिबात समजत नाही. मोल्ड झाल्यावर एक दिवस जाऊ द्या, मग २५ मिमी रुंद पट्टी ब्लेडनं मोकळी करून काटकोनात ओढा. जर्मनीच्या इंजिनिअरांच्या संघटनेची व्हीडीआय २०१९ नावाची गाईडलाईन याच टेस्टसाठी आहे, मोठ्या कंपनीला माल द्यायचा असेल तर ती विचारतील. आकडा किती आला त्याच्या आधी खालचं प्लास्टिक पाहा. रबर फाटून त्याचे तुकडे प्लास्टिकवर राहिले तर जोडी जमली. प्लास्टिक स्वच्छ निघालं तर आकडा कितीही चांगला असो, उन्हातान्हात ते सुटणार. मी एक पार्ट मे महिन्यात पत्र्याच्या शेडवर पंधरा दिवस ठेवतो आणि मग परत ओढतो, ही काही कोणत्या पुस्तकातली टेस्ट नाही, पण बागेतला सिकेटर बांधावर असाच पडून राहतो.

मध्येच एक सांगून टाकतो, जुन्या माऊसचं किंवा टॉर्चचं हँडल चिपचिप होते ते पाहून लोक म्हणतात सॉफ्ट ग्रिप नकोच. ते बहुतेक वेळा ओव्हरमोल्ड नसतंच, वरून मारलेला सॉफ्ट टच पेंट असतो, दमट हवेनं वर्षानुवर्षं त्यातलं पॉलियुरेथेन तुटत जातं आणि चिकट होतं. गिऱ्हाईकाला हा फरक समजावून सांगावा लागतो.

तर ते हँडल पुन्हा काढलं. पायरी, पट्टा, शेपटाला गुंडाळलेलं रबर, नायलॉनवाला ग्रेड, पार्टिंग लाईन हलवली, ड्राफ्ट वाढवला. काटोलला घेऊन गेलो. त्यानं परत नख लावलं, लागलं नाही. मग गल्ल्यातून कटर काढून कड कापली आणि पक्कडीनं ओढली, रबर मधूनच फाटलं, नायलॉनवर काळे तुकडे तसेच. तो म्हणे ठीक आहे, पण काळा नको, गवतात पडला की सापडत नाही, लाल करून द्या.

मी हो म्हणालो आणि बाहेर येऊन सप्लायरला फोन लावला, कारण मास्टरबॅच, म्हणजे रंगाचा दाणा, बदलला की त्यातला कॅरिअर, म्हणजे रंग धरून ठेवणारं प्लास्टिक, बदलतो, आणि नायलॉनवाल्या ग्रेडमध्ये चुकीचा कॅरिअर गेला तर पकड परत जाते. लाल दाण्याच्या पट्ट्या पहिले ओढून पाहणार, मग हँडल.